आधी टिपण, मग मशीन : वाचकांचे प्रश्न

मेटल डिटेक्टर आता घरबसल्या मागवता येतो, आणि जुना वाडा, वतन, लढाईवर गेलेले पणजोबा हे विषय कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी निघतात. मशीन आणि कागदपत्रं यांची नीट सांगड घातली तर घराण्याचा इतिहास चांगला उलगडतो. घाई केली तर तो कायमचा विस्कटतो, कारण उकरलेली माती पुन्हा पूर्वीसारखी लावता येत नाही. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत, तालुके ठेवले आहेत.

प्रश्न (करवीर) : आमचं मूळ घर गावठाणात नव्हतं, शेतात होतं, असं वडीलधारी मंडळी सांगतात. नेमकी जागा कोणालाच दाखवता येत नाही. साडेतीन एकरांत डिटेक्टर फिरवायला सुरुवात करावी का?

नको. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, आणि एक गुंठा नीट तपासायला दीड-दोन तास सहज जातात. त्या आधी चार कागद काढले तर हेच काम दहा-बारा गुंठ्यांवर येतं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक फेरफार मागे मागे काढत जा. वारस नोंद, वाटप, खरेदी, गहाण अशी साखळी लागत जाते. तुमच्या गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर तिथे एक जिना उतरावा लागतो, कारण योजनेत सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे योजनेच्या जबाबी पुस्तकात मिळतं. ही पायरी चुकली तर पुढचा सगळा शोध दुसऱ्याच्या रानात चालतो. असं होतं, आणि ते लक्षात यायला फार उशीर लागतो.

जुना सर्व्हे नंबर हातात आला की तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात टिपणाच्या नकलेसाठी अर्ज करा. टिपण म्हणजे मोजणीदाराने शेतात बसून काढलेलं कच्चं रेखाटन. ते प्रमाणात नसतं, पण त्यावरचे आकडे खरे असतात. विहीर, आड, पाणंद, ओढा, कधी घराचं जोतं अशा खुणा त्यावर सापडतात. जुनी टिपणं मोडीत असतात, मात्र आकडे आणि पाच-पन्नास ठरावीक शब्द ओळखता आले तरी काम भागतं.

मापं साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच. समजा टिपणात बांधाच्या कोपऱ्यापासून आडापर्यंत ४ साखळ्या ६ आणे लिहिलंय. चार साखळ्यांचे १३२ फूट आणि सहा आण्यांचे १२ फूट साडेचार इंच, मिळून १४४ फूट साडेचार इंच, म्हणजे ४४ मीटर. हे माप लिहून घ्या आणि टेप घेऊन शेतात उभं राहा. बांध सरकलेले असतात, म्हणून एकाच कोपऱ्यावर विसंबू नका. हद्दीच्या दोन दगडांपासून किंवा एक दगड आणि एक जुनी विहीर यांच्यापासून मोजा. दोन्ही मापं जिथे एकमेकांना छेदतात तिथे काठी रोवा आणि तिच्याभोवती पन्नासेक फुटांचा घेर धरा.

आता त्या घेरात मशीन न लावता नुसतं चाला. पांढरट राखाडी माती, खापरं, घडीव दगड, जात्याचा तुकडा, मध्येच वेगळी उगवण दिसली तर घर तिथेच होतं. मात्र खापरांचा खच फार मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असेल, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे किंवा आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीच्या विटा दिसत असतील, तर ती तुमच्या पणजोबांच्या घराची जागा नाही. ती जुनी पांढर, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या वस्तीची जागा आहे आणि कदाचित दोन हजार वर्षं जुनी असेल. तिथे खुरपंसुद्धा लावायचं नाही. फोटो काढा, गट नंबर लिहा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा.

माणसांच्या बाजूने शोधायचं तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी पाहा. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव मिळतं. संस्थानकाळातली मोडी दप्तरं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं, तेव्हा त्या आधीचा पत्रव्यवहार तिथे शोधायचा. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले, त्यामुळे त्या आधीचे गावचे कागद जुन्या कुलकर्णी घराण्यांकडे राहिले आहेत का, हेही विचारून पाहावं. आणि सुगीनंतर दारात येणाऱ्या हेळव्याला, म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणाऱ्याला, रिकाम्या हाताने पाठवू नका. त्याच्या वहीत तुमच्या घराण्याच्या पिढ्या आणि घराणं कुठून कुठे आलं हे दोन्ही असू शकतं. तो वही वाचत असताना मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, कारण वही कानडीत असली तर नंतर तुम्हाला ती वाचता येणार नाही.

शेवटची गोष्ट परवानगीची. सातबाऱ्यावर क्षेत्र सामाईक असेल तर सगळ्या भाऊबंदांची लेखी संमती घ्या. काही निघालं नाही तर कोणी विचारत नाही. काही निघालं की सगळे विचारतात.

प्रश्न (शाहूवाडी) : आमच्याकडे तांबड्या जांभ्याची जमीन आहे. मशीन सारखं वाजतं, उकरलं तर काहीच नाही. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे, जमीन अवघड आहे. डिटेक्टरची थाळी जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते आणि धातूकडून परत येणारा क्षीण प्रतिसाद ऐकते. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. जांभ्यात लोहाची संयुगं त्याहून जास्त, आणि त्यांतलं मॅग्हेमाइट फार त्रास देतं. त्यामुळे मातीच प्रतिसाद देते. त्या गोंगाटात लहान नाण्याचा आवाज बुडतो आणि दगडगोटे नाण्यासारखे वाजतात.

पहिलं काम ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा प्रतिसाद मशीनने सोडून द्यावा अशी जुळणी. धातू नसलेली हातभर जागा शोधा. थाळी जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरा, तिथून एक फूट वर उचला, पुन्हा खाली आणा, असं करत राहा. वर जाताना आणि खाली येताना आवाज सारखा लागला की बॅलन्स जमला. बहुतेकांचा गैरसमज असा की हे सकाळी एकदा केलं की झालं. जांभ्यात मातीचा रंग बदलला, मुरूम लागला, चढ संपून सपाटी आली की पुन्हा करावंच लागतं.

दुसरं म्हणजे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, उतरवा. सगळेजण ती शेवटपर्यंत चढवतात, कारण जास्त म्हणजे खोल असं वाटतं. इथे उलट होतं. साठ-सत्तर टक्क्यांवर आणली की गोंगाट बसतो आणि खरा आवाज वर येतो. तिसरं, अकरा इंची थाळी काढून पाच-सहा इंची लावा. लहान थाळीखाली माती कमी येते, म्हणून मातीचा गोंगाटही कमी. डीडी प्रकारची, म्हणजे आत D आकाराची दोन वेटोळी असलेली थाळी अशा जमिनीत साध्या गोल थाळीपेक्षा बरी चालते, आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनपेक्षा शांत राहतं. पल्स इंडक्शन, म्हणजे तुटक स्पंदनं सोडणारं मशीन जांभ्यात सर्वांत खोल जातं हे खरं, पण त्याला लोखंड नीट वेगळं काढता येत नाही. गावालगत ते नेलं तर दिवसभर खिळेच निघतील.

खोलीची अपेक्षाही त्या मानाने ठेवा. चांगल्या मातीत पाव आण्याएवढं, म्हणजे साधारण २५ मिलिमीटरचं नाणं सहा ते आठ इंचांवर कळतं. जांभ्यात तीन-चार इंच मिळाले तरी मशीन नीट लावलंय असं समजा. खात्रीसाठी परड्यात तीन इंच आणि पाच इंच खोलीवर ओळखीची नाणी पुरून, वर खूण करून, तिथे रोज कान तयार करा.

वाजणारा दगड ओळखायची युक्ती अशी. थाळी जागेवर एका दिशेने फिरवा, मग नव्वद अंशांत वळून आडव्या दिशेने फिरवा. नाणं दोन्हीकडून सारखं आणि तुटक न होता वाजतं. दगडाचा आवाज पसरट असतो आणि थाळी दोन बोटं उचलली की एकदम जातो. वाकडा खिळा एका दिशेने गोड वाजतो, दुसऱ्या दिशेने घरघरतो.

याउपर मशीन बडबडत असेल तर आजूबाजूला पाहा. विजेची तार, चालू शेतीपंप, खिशातला मोबाईल या तिन्हींचा उपद्रव होतो. पंप बंद असतानाची वेळ निवडा आणि मोबाईल दूर ठेवा. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं डिटेक्टर, धरणाऱ्या हातात कडं, अंगठी, बांगडी नको.

प्रश्न (कागल) : उसाच्या रानात शोध केव्हा घ्यावा? नांगरटीने सगळं वरखाली झालेलं असताना त्याचा उपयोग तरी आहे का?

उपयोग आहे, पण उत्तर वेगळ्या प्रकारचं मिळतं. ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूट ते दीड फूट खोल जातो, त्यामुळे वस्तू मूळ जागेवर नसते. दर नांगरटीला ती सरकते. म्हणून अशा रानात एका नाण्याच्या जागेला अर्थ नाही, पन्नास वस्तूंच्या पसाऱ्याला आहे. पसाऱ्याचा दाट भाग म्हणजे घर, खळं, गोठा किंवा जुनी वाट यांची साधारण जागा.

वेळ म्हणाल तर तोड झाल्यावर, खोडवा ठेवणार नसाल तेव्हा. नांगरट करून, ढेकळं फोडून, रोटर मारल्यावर लागणीपूर्वी जो आठवडा मिळतो तो उत्तम. ढेकळांवर थाळी जमिनीलगत जात नाही आणि पाचटात तर फिरतच नाही. वाफसा असताना शोधा. ओल असली की काळ्या रानात आवाज चांगला येतो आणि उकरायला सोपं जातं. उन्हाळ्यात भेगा पडल्यावर थाळी भेगेवरून जाताना खोटी वाजते, आणि लहान वस्तू त्याच भेगांतून खाली उतरलेल्या असतात.

गुंठाच एकक धरा. ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौकोन दोरीने आखा, त्यात साधारण मीटरभर रुंदीचे दहा पट्टे पडतात. प्रत्येक पट्ट्यात थाळी अर्धी अर्धी एकमेकींवर येईल अशी हळू फिरवत जा, मग त्याच गुंठ्यात आडवे दहा पट्टे घ्या. आडव्या फेरीत नवीन वस्तू निघतात हे दरवेळी दिसतं, म्हणून ती टाळू नका. मशीनवर लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करून शोधू नका. बैलांच्या खुरांना मारायच्या पत्र्या, त्यांचे खिळे, कुळवाची फास, विळ्याचं पातं यांना बाजारात किंमत शून्य, पण बैलांची वाट आणि गोठ्याची जागा त्याच दाखवतात. लहान सोनं, म्हणजे नाकातली फुली किंवा मणी, मशीनवर गोळ्यांच्या पाकिटाच्या चकाकीसारखंच दिसतं. ते हवं असेल तर कचराही उकरावा लागणार.

वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. पुढे तारीख, गट नंबर, गुंठा व पट्टा, दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर, खोली, मातीचा रंग, सोबत काय होतं आणि फोटोचा क्रमांक. मोबाईलचं जीपीएस उघड्या रानातही तीन ते पाच मीटर चुकतं. गटापुरतं ते चालतं, जोत्याच्या कोपऱ्यासाठी टेपच हवी. तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून वस्तूच्या पिशवीत टाका. चिठ्ठीवर शिसपेन्सिल वापरा, पेनाची शाई ओलीत पसरते.

प्रश्न (शिरोळ) : पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. त्यांचं पदक परड्यात हरवलं असं आजी सांगायची. मिळालं तर त्यावरून काय कळेल?

बरंच कळेल, कारण त्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर माणसाचं नाव उठवलेलं असतं. पदक चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नग्न पुरुष, वर फीत ओवायची आडवी सरळ पट्टी. मजूर तुकड्यांत आणि बिनलढाऊ कामावर गेलेल्यांना हेच पदक काशाचं मिळालं, तेव्हा चांदी नाही म्हणून ते नकली समजू नका.

एवढी मोठी चांदी ठसठशीत वाजते आणि मशीनच्या पडद्यावर धातू ओळखायचा आकडा वरचा दाखवते. परड्यात मोठी अडचण कचऱ्याची असते, म्हणून लहान थाळी घ्या आणि आधी वरवरचं पत्रा-तार वेचून काढा. उकिरड्याची जुनी जागा, चुलीची राख टाकायची जागा आणि मागच्या दाराची वाट आधी तपासा. घरातल्या हरवलेल्या वस्तू केराबरोबर गेलेल्या असतात.

मिळालं की घासू नका. कड मऊ ओल्या ब्रशने फक्त माती निघेपर्यंत पुसा, अंधारात विजेरी आडवी धरून कडेभोवती चार-पाच फोटो काढा. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण हा क्रम असतो, अक्षरं रोमन. पलटण ‘१०३’, ‘१०५’, ‘११०’, ‘११४’, ‘११६’ किंवा ‘११७’ या आकड्यांची आणि पुढे मराठा असेल तर ती मराठ्यांची पलटण. १९२२ मध्ये या पलटणी नव्या क्रमांकांत बसवल्या गेल्या, म्हणून आजच्या यादीत जुना आकडा थेट सापडत नाही. नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं आणि आडनाव बहुधा नसतं. त्यामुळे नावापेक्षा क्रमांकावर भर द्या. क्रमांक, पलटण, गाव आणि कडेचा फोटो घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राकडे लेखी विचारणा करा. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोध घेता येतो.

प्रश्न (गडहिंग्लज) : वाडा उतरवताना सोप्याच्या पायात १८६२ सालचे तीन चांदीचे रुपये मिळाले. म्हणजे वाडा १८६२ मध्ये बांधला असं धरायचं का? आणि हे सरकारला सांगावं लागतं का?

आधी साल. नाण्यावरचं साल फक्त एवढंच सांगतं की पाया त्याआधी भरलेला नाही. नंतर कितीही वर्षांनी भरलेला असू शकतो. १८६२ च्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. व्हिक्टोरिया राणीचे रुपये १८६२ हेच साल ठेवून १८७४ पर्यंत पाडले जात होते. तसंच १८४० साल असलेले कंपनीचे रुपये १८६२ पर्यंत पाडले गेले. त्यामुळे तुमच्या रुपयांचं खरं वय बारा वर्षांच्या अंतरात कुठेही असू शकतं. शिवाय हे रुपये पुढे कित्येक वर्षं चलनात होते, पायात ठेवायला घरातला जुना रुपया काढला असेल. पायात, उंबऱ्याखाली, भिंतीत, जमिनीच्या थरात जे जे मिळालं त्यातल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूला महत्त्व द्या. माजघराच्या जमिनीखाली भोकाचा पैसा निघाला तर ती जमीन १९४३ नंतरची, कारण तो पैसा त्या साली सुरू झाला. मग शेजारच्या खोलीतून व्हिक्टोरियाचे कितीही रुपये निघोत. ‘क्वीन’ आणि ‘एम्प्रेस’ हेही पाहा, एम्प्रेस १८७७ पासून. वाड्याचं साल ठरवायला नाण्यासोबत मिळकत पत्रिका, वाटपाचा फेरफार आणि तुळईवर कोरलेला शक जोडून पाहावा.

आता कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडलेली आणि १० रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. एका रुपयात जवळपास पावणेअकरा ग्रॅम चांदी असते, म्हणजे एकच नाणंही ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतं. अर्जात चार गोष्टी हव्यात : काय व किती मिळालं, अंदाजे किंमत, जागा, तारीख. वस्तू कोषागारात जमा करायच्या किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. अर्जाची पोच घ्या आणि फोटो जोडा.

पुढे जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख दिली जाते. कोणाची मालकी सिद्ध झाली नाही तर सापडवणारा आणि जागेचा मालक यांच्यात करार असेल त्याप्रमाणे, नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतं. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. न कळवल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मित्राला मशीन घेऊन बोलावत असाल तर आधी साध्या कागदावर वाटणीचा करार करा. वाडा उतरवणाऱ्या गवंड्याशी आणि मजुरांशीही आधीच बोलून ठेवा, कारण कायद्याच्या नजरेत ज्याच्या हाताला लागलं तो सापडवणारा.

शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि विक्रीचा धंदा परवानाधारकालाच करता येतो.

प्रश्न (पन्हाळा) : गडावर आणि पंचगंगेच्या घाटावर मशीन नेलं तर चालेल का?

नाही. पन्हाळगड केंद्रीय संरक्षित आहे आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तिथे उकरणं गुन्हा आहे. राज्य संरक्षित किल्ले, वनखात्याची जमीन आणि राधानगरी अभयारण्य यांनाही हेच लागू. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथून मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. अशा जागेलगतचं एक नाणं खिशात गेलं तर एका थराचा पुरावा गेला. घाटावरची नाणी तर लोकांनी नदीला वाहिलेली असतात, त्यातून कोणत्याही घराण्याचा इतिहास निघत नाही. नदीकाठच्या मळीच्या रानातल्या वस्तूही पुराने आणलेल्या असू शकतात. त्या ‘जागेवरच्या’ म्हणून लिहू नका.

स्वतःच्या शेतात लोखंडी गोळा निघाला तर तो भरीव आहे की पोकळ हे कळेपर्यंत हलवू नका. पोकळ कुलपी गोळ्यात दारू असू शकते. त्याला छिद्र पाडणं, तापवणं, घासणं यातलं काहीही करू नका. ११२ वर फोन करून पोलिसांना सांगा.

प्रश्न (कोल्हापूर शहर) : शिवराई हिरवी पडली आहे. चिंचेने किंवा भांडी घासायच्या पावडरीने स्वच्छ करावी का?

कृपा करून करू नका. तांब्यावरचा तो हिरवा-तपकिरी थर हाच नाण्याचा सध्याचा पृष्ठभाग असतो. अक्षरांचे उंचवटे बऱ्याचदा त्या थरातच उरलेले असतात. चिंच, लिंबू, ताक यांतलं आम्ल तो थर खातं आणि खाली खड्डे पडलेलं गुलाबी तांबं उरतं. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं, पण ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने मुळातच अर्धी अक्षरं उमटतात. ‘शि’ची वेलांटी किंवा ‘छ’चं वळण एवढ्यावर प्रकार ठरवायचा असतो. ते एकदा घासलं की संपलं. मोबाईलचा चार्जर आणि मिठाच्या पाण्याचा जो प्रयोग व्हिडिओंत दाखवतात, तो तर सर्वांत वाईट.

करायचं ते इतकंच. आधी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन, दोन दिशांनी व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवून माती सैल करा, बाभळीच्या काट्याने किंवा लाकडी काडीने ती अलगद उचला, सावलीत दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात नाण्यावर फिक्कट हिरवी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे, उसाच्या रानातल्या पोटॅश खतामुळे तो जास्त दिसतो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. चांदीला फक्त पाणी पुरे. लोखंडाला पाणी लावू नका, कोरड्या ब्रशने माती काढा.

प्रश्न (भुदरगड) : एक माणूस दोन अँटेना असलेलं यंत्र घेऊन आला. पन्नास मीटरवरून गुप्तधन दाखवतो म्हणतो, सोबत अमावस्येची पूजा सांगतो.

असं कोणतंही यंत्र नाही. चांगला डिटेक्टरसुद्धा नाण्यासाठी वीतभर खोल जातो. हातातल्या सळ्या फिरतात त्या मनगटाच्या नकळत हालचालीने. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पैसे देऊ नका, पोलिसांत कळवा.

प्रश्न (हातकणंगले) : शेतात शिशाचे बरेच तुकडे निघतात. टाकून द्यावेत का?

टाकू नका, आधी वेगळे करा. मध्यातून आरपार भोक असलेली लांबट नळी म्हणजे पागाच्या जाळ्याचं वजन, नदीकाठी सर्रास मिळते. जाळीदार चपटे तुकडे जुन्या बॅटरीचे. गोल, पांढुरका थर आलेली, मधोमध साच्याची बारीक रेघ असलेली बंदुकीची गोळी असते. तिचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून जागेसह लिहा, कारण अशा गोळ्यांचा पसारा चांदमारीची किंवा चकमकीची जागा दाखवू शकतो.

चौथा प्रकार आपल्या भागाचा खास. कोल्हापूर परिसरातल्या कुर राजांनी, विळिवायकुर आणि सिवलकुर यांनी, सातवाहनकाळात शिशाची नाणी पाडली. त्यांवर एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि झाड असतं, कडेने ब्राह्मी अक्षरं. जमिनीत राहून ती राखाडी, बेढब आणि जड ढेकळासारखी दिसतात आणि मशीनवर मधल्या आकड्यावर वाजतात, म्हणून कचऱ्यासोबत फेकली जातात. जाड, साधारण गोल आणि दोन्ही बाजू चपट्या असलेला तुकडा दिसला की तिरप्या उजेडात फिरवून पाहा. धनुष्याची वक्र रेघ बहुधा आधी ओळखू येते. नखाने कोरू नका, शिसं नखानेही ओरखडतं.

शिसं विषारी आहे. हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी डबीत ठेवलं तर त्यातल्या आम्लाच्या वाफेने त्याची पांढरी भुकटी होते, म्हणून झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. नाणं असल्याची शंका आली तर त्या जागेवरचं उकरणं थांबवा, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि फोटो, वजन व टेपची मापं घेऊन टाऊन हॉलच्या संग्रहालयात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा. नाणं पिशवीतून काढून हातोहात फिरवू देऊ नका.